एका अक्षराने कळवावे

द्रौपदीबाईंनी भूमी अभिलेख खात्यात छत्तीस वर्षं मोडी वाचली. लोकांच्या खापरपणजोबांची भांडणं वाचण्यात आयुष्य गेलं, असं त्या स्वतःच म्हणायच्या. कुणाचा बांध कुणी कोरला, कुणाच्या विहिरीवर कुणाचा हक्क, सगळं वाचून बाळबोधीत उतरवायचं आणि खाली सही ठोकायची. खात्यात त्यांचा दरारा होता तो एकाच गोष्टीमुळे. पदरचा शब्द घालायचा नाही आणि कागदातला गाळायचा नाही. एकदा एका बड्या असामीने कागदातला एक 'वारस' जरा नजरेआड करा म्हणून गळ घातली, तर बाईंनी त्याला चहा पाजला, जिन्यापर्यंत पोचवलं आणि वारस होता तिथेच ठेवला.

अशी बाई निवृत्त होऊन सहा महिन्यांसाठी लेकीकडे इंग्लंडला आली, तर तिने तिथे करायचं काय? लेक कल्याणी ब्रिस्टलला विमानांचे पंख बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. शहराच्या कलकलाटाला कंटाळून ती टिलकोम नावाच्या खेड्यात राहायला आली होती. खेडं म्हणजे एक चर्च, एक पब, एक बंद पडलेलं पोस्ट ऑफिस आणि दिवसाकाठी चार बसेस. द्रौपदीबाईंनी पहिल्या आठवड्यात लेकीची सगळी कपाटं आवरली, दुसऱ्या आठवड्यात तीच कपाटं पुन्हा आवरली, आणि तिसऱ्या आठवड्यात कल्याणीने हात जोडले. "आई, प्लीज, मला आता माझे सॉक्सही सापडत नाहीयेत."

बाईंची सुटका केली ती शेजारच्या जेफ्री पोकॉकने. वय ब्याऐंशी, बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कल्याणी गावात नवीन आली तेव्हा बाकीचं गाव पडद्याआडून बघत होतं आणि हा एकटा भोपळ्याच्या सूपचं पातेलं घेऊन दाराशी उभा राहिला होता. तिच्या घराची जास्तीची किल्ली त्याच्याकडे असायची. एका हिवाळ्यात ती न्यूमोनियाने पडली, तेव्हा तिला हॉस्पिटलात नेणारा आणि रोज भेटायला जाणारा हाच. त्यामुळे कल्याणी त्याला फार मानायची, आणि द्रौपदीबाईही मनातल्या मनात मानायच्या. तो त्यांना 'मिसेस बॅलेराव' म्हणायचा. भालेरावांचं बॅलेराव झालेलं त्यांनी तेवढ्यापुरतं चालवून घेतलं होतं.

आई जुनी लिपी वाचते हे कल्याणीकडून कळल्यावर म्हातारा हरखलाच. दुसऱ्याच दिवशी टाय बांधून आला आणि दोघींना चर्चमध्ये घेऊन गेला.

चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर एक पितळी पाटी होती. लेफ्टनंट एडविन पोकॉक, या गावच्या पाद्र्याचा धाकटा मुलगा, मुंबई फौज, मृत्यू पुणे कँप, २१ नोव्हेंबर १८८०, वय बावीस. एडविन हा जेफ्रीच्या पणजोबांचा भाऊ. पण म्हातारा त्याच्याबद्दल असा बोलायचा, जणू पोरगं आत्ताच सायकल घेऊन बाहेर गेलंय आणि जेवायच्या वेळेला येईल. एडविन लॅटिनमध्ये नापास व्हायचा. एडविनने चर्चच्या घंटेला बापाचा पायमोजा बांधला होता आणि रविवारी घंटाच वाजली नाही. एडविनला खरं म्हणजे शेती करायची होती, पण थोरल्याला चर्च, मधल्याला वकिली आणि धाकट्याला लष्कर, असं घरात ठरूनच गेलेलं. विसाव्या वर्षी तो बोटीवर चढला. आई बंदरापर्यंत गेली नाही, कारण रडू आवरणार नाही हे तिला माहीत होतं. पुढे अफगाणिस्तानच्या लढाईत त्याची पलटण होरपळून निघाली. हा जिवंत परतला तो ताप घेऊनच, आणि पुण्याच्या छावणीत वारला. मागे राहिली एक पेटी. तिच्यात तलवार, बायबल, मराठी शिकायचं पुस्तक आणि त्या पुस्तकात घडी घालून ठेवलेला एक कागद.

"तो हा कागद," जेफ्री म्हणाला.

पाटीच्या शेजारी काळ्या चौकटीत, काचेखाली, तो कागद टांगलेला होता. एडविनच्या शिपायांनी आपल्या साहेबाला लिहिलेलं आभारपत्र, असं पोकॉक घराण्यात चार पिढ्या चालत आलं होतं. दर वर्षी नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये एडविनची आठवण निघायची, पाटी वाचली जायची, या चौकटीसमोर मेणबत्ती लागायची आणि मग केक. आजवर कुणाला तो कागद वाचता आला नव्हता. या वर्षी मिसेस बॅलेरावांनी तो सगळ्यांसमोर वाचावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

द्रौपदीबाईंनी चष्मा सारखा केला, मान तिरकी केली, मग आणखी तिरकी केली. आणि चर्चमध्ये असं हसू नये हे माहीत असूनही त्यांना हसू फुटलं.

"अगं, उलटा लावलाय!"

खरंच उलटा होता. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घेतो आणि मग त्या रेघांना अक्षरं खाली लोंबकळत ठेवतो. कपडे वाळत घालावेत तशी. पाद्रीणबाईंना, म्हणजे एडविनच्या आईला, हे कुठून माहीत असणार? इंग्रजी अक्षर रेघेवर बसतं. तिने रेघ खाली आणि अक्षरं वर येतील असा कागद धरला आणि चौकटीत घातला. गेली एकशे चाळीसहून जास्त वर्षं टिलकोमचं गाव खाली डोकं वर पाय कागदासमोर मेणबत्ती लावत होतं. कल्याणीने भीत भीत हे जेफ्रीला सांगितलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि तोही हसत सुटला. मग त्याने स्वतःच्या हाताने चौकट उतरवली, खिळे काढले, कागद सरळ करून परत बसवला आणि वाचायला म्हणून बाईंच्या हवाली केला.

दुसऱ्या दिवशी कल्याणी कामावर गेल्यावर द्रौपदीबाईंनी स्वयंपाकघरातलं टेबल पुसून कोरडं केलं आणि कागद समोर घेतला. हस्ताक्षर कुणा सरावलेल्या कारकुनाचं होतं, झरझर वाहणारं. पहिल्याच ओळीत त्या अडखळल्या. अक्षर लागलं नाही म्हणून नव्हे. लागलं म्हणूनच.

'मेहेरबान लेफ्टनंट पोकाक साहेब यांचे सेवेसी. अर्जदार भागनाक बिन सोननाक महार, मौजे वडशेत, तालुके दापोली, विनंती ऐसीजे.'

भागनाक. सोननाक. बाईंच्या आजोबांच्या आजोबांचं नाव येसनाक होतं. अशी नावं गावकुसाबाहेरच्या त्यांच्याच माणसांची असायची, आणि त्यांतली कितीतरी माणसं मुंबई फौजेत बंदूक धरून गेली होती. इतक्या लांब, इतक्या परक्या भिंतीवर आपलं माणूस भेटेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या उठून पाणी प्यायल्या आणि पुढे वाचू लागल्या.

'माझा पुत्र आपले पलटणीत शिपाई. लढाईहून पलटण माघारी आली, तो आला नाही. विचारिता कोणी म्हणे जखमी, कोणी म्हणे मागे राहिला. सून घरी आहे. कुंकू लावावे की पुसावे, ती रोज विचारिते. आम्ही काय सांगावे? पुत्राचे नाव रामनाक. उजवे भुवईवर खूण. आपणास पाणी आणून देत असे, ऐसे कळते. जिवंत की मयत, एका अक्षराने कळवावे. दुसरे मागणे नाही. कार्तिक शुद्ध अष्टमी, शके अठराशे दोन.'

खाली एक उभी रेघ. लिहिता न येणाऱ्याची निशाणी.

आभारपत्र कसलं! आणि त्याहून वाईट म्हणजे ओळींच्या वर शिसपेन्सिलीने लिहिलेली बारीक इंग्रजी अक्षरं होती, इतकी पुसट की काच डोळ्यांशी नेल्यावरच दिसावीत. 'पुत्र' या शब्दावर त्याचा अर्थ. 'पलटण' यावर अर्थ. 'माघारी' यावर अर्थ आणि प्रश्नचिन्ह. हा प्रकार बाईंना ठाऊक होता. गोऱ्या साहेबांना मराठीची परीक्षा द्यावी लागायची, आणि मुन्शी त्यांना वाचायच्या सरावासाठी खरेखुरे अर्ज आणून द्यायचे. म्हणजे इकडे एका बापाचा जीव टांगणीला लागलेला आणि हा पठ्ठ्या त्या कागदावर शब्दार्थ गिरवत बसलेला. तेसुद्धा तिसऱ्या ओळीपर्यंतच. पुढचा कागद कोराच. कंटाळला असेल! द्रौपदीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घंटेला पायमोजा बांधणारं ते पोरगं काल त्यांना आवडलं होतं, याचाही त्यांना राग आला.

कल्याणी संध्याकाळी घरी आली. कोट न काढताच तिने आईने बाळबोधीत उतरवलेली नक्कल वाचली आणि खुर्चीत बसली.

"आई, हे नाही वाचायचं."

"मग काय वाचायचं?"

"थोडं सॉफ्ट कर ना. शिपायाच्या वडिलांचं लेटर आहे, साहेबांवर विश्वास होता म्हणून लिहिलंय, असं सांगू. खोटं नाहीये ते. जेफ्रीचं कोणी नाहीये गं दुसरं. एडविन हीच त्याची फॅमिली. आणि तू भर चर्चमध्ये सांगणार की तुझ्या हिरोने एका माणसाच्या दुःखावर होमवर्क केला?"

"मी काहीच सांगणार नाही. कागद सांगेल."

"तू सहा महिने संपले की पुण्याला जाशील. मला इथे राहायचंय."

हे बाईंना लागलं, कारण त्यात तथ्य होतं. म्हातारा चांगला होता. लेकीला परक्या मुलुखात एकच आपुलकीचं दार होतं आणि ते आपल्या हाताने लावून घ्यायचं, हे काय शहाणपण? त्या बराच वेळ भाजी चिरत राहिल्या. मग त्यांनी विळी आडवी केली.

"तुझे बाबा गेले तेव्हा डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं. त्या वाक्याने मी कोसळले. पण ते वाक्य मिळालं तरी. या माणसाने तेवढंच मागितलंय. त्याचं मागणं मी आभार म्हणून वाचलं, तर पेन्सिल घेऊन बसलेल्या त्या पोरात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

कल्याणीने नक्कल पुन्हा हातात घेतली.

"मी मराठीत वाचणार. इंग्रजी तुझं. तिथे तू काय करायचं ते तू ठरव," बाई म्हणाल्या. "पण तू काय गाळतेस ते मला कळेल, एवढं इंग्रजी मला येतं."

तो रविवार उजाडला. चर्चमध्ये पंचवीस-तीस माणसं, बहुतेक पांढऱ्या केसांची. मागच्या टेबलावर केक झाकून ठेवलेला. जेफ्रीने पाटी वाचली, नेहमीच्या जागी त्याचा आवाज नेहमीसारखा कापला आणि त्याने मोठ्या अदबीने मिसेस बॅलेरावांना पुढे बोलावलं. द्रौपदीबाईंनी पांढरी साडी नेसून, कपाळाला नेहमीचं कुंकू लावून, वर कल्याणीचा जाड कोट घातला होता. चौकट दोन्ही हातांत धरून त्या उभ्या राहिल्या.

त्यांनी पहिलं वाक्य वाचलं आणि थांबल्या. कल्याणीने जेफ्रीकडे पाहिलं. तो उत्सुकतेने पुढे झुकून बसला होता, बक्षीस मिळणाऱ्या शाळकरी मुलासारखा. तिने पहिलं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मग दुसरं, मग तिसरं. कुंकवापाशी आल्यावर तिला ते काय असतं ते समजावून सांगावं लागलं. नवरा असेपर्यंत बाई ते कपाळाला लावते, त्याच्या मागे पुसते. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने तोंडावर हात ठेवला. 'दुसरे मागणे नाही' हेही कल्याणीने सांगितलं. पेन्सिलीच्या खुणांचंही सांगितलं.

जेफ्रीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो उठला, काठी घेतली आणि मधल्या वाटेने तडक बाहेर निघून गेला. त्याच्यामागे दार आपटलं.

"झालं," कल्याणी पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. द्रौपदीबाई चौकट धरून तशाच उभ्या होत्या. आपण बरोबर केलं याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती, आणि तरीही धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्यांना झालं होतं. चहा ओतायला कुणी उठेना. अर्धं गाव जागच्या जागी बसून होतं.

पंधरा मिनिटांनी दार उघडलं. जेफ्री धापा टाकत आत आला. त्याच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. डबा त्याने केकच्या शेजारी ठेवला, त्यातून रिबिनीने बांधलेला गठ्ठा काढला आणि एक पत्र शोधून बाहेर ओढलं. एडविनने कराचीहून आईला लिहिलेलं. ऑक्टोबर १८८०.

"हे मी लहानपणापासून वाचतोय," तो म्हणाला. "पण ते नाव कुणाचं, हे मला कधी कळलं नाही. ती एक हकीकत होती, एवढंच."

मग त्याने वाचायला सुरुवात केली, आणि या वेळी कल्याणी हलक्या आवाजात आईसाठी मराठी करत गेली.

'आई, मी बरा आहे, ताप उतरेल. तुला एक सांगायचं आहे, कारण इथे कुणाला सांगता येत नाही. रामनॅक नावाचा माझ्या पलटणीतला शिपाई, भुवईवर व्रण असलेला, त्या दिवशी पाटाच्या कडेला माझ्यासाठी पाणी भरायला वाकला आणि तिथेच गोळी लागून पडला. मी त्याचे डोळे मिटले. त्याच्यावर माझा कोट घातला आणि आम्ही पळालो. त्याच्या घरी कळवायला हवं. मुन्शी म्हणतो, मी दोन ओळी लिहून टाकतो. मी त्याला नको म्हटलं. पाणी माझ्यासाठी भरत होता. पत्र माझ्या हाताने, त्यांच्या भाषेत जायला हवं. माझी मराठी अजून फार कच्ची आहे. पुण्याला पोचलो की रोज अभ्यास करणार आहे.'

द्रौपदीबाई मटकन बाकावर बसल्या.

प्रश्न या गावात आला होता आणि उत्तरही याच गावात आलं होतं. एक चर्चच्या भिंतीवर, एक बिस्किटांच्या डब्यात, मध्ये फार तर दोनशे पावलं. त्यांनी बोटांवर तिथी मोजली. कार्तिक शुद्ध अष्टमी, म्हणजे नोव्हेंबरची दहा तारीख असावी. पाटीवर एकवीस. अकरा दिवस. त्यातही अर्ज त्याच्या हातात पडायला किती दिवस गेले असतील, आणि त्यातले किती दिवस तो शुद्धीवर असेल कुणास ठाऊक. अंगात ताप, हातात पेन्सिल, एकेका शब्दाला अडत, पुत्र, पलटण, माघारी, असा तो पोरगा तीन ओळी चढून आला होता. रामनाकाचं नाव त्याहून खाली होतं. कागद रामनाकाच्याच बापाचा आहे हे त्याला कळलंच नव्हतं.

"अरे लेकरा," त्या मोठ्याने म्हणाल्या, "मुन्शीला लिहू द्यायचं होतंस रे! मोडकं पत्रही चाललं असतं. दुसऱ्याच्या हातचं चाललं असतं."

त्यांना त्याचा राग आला होता आणि त्याच्यासाठी रडूही येत होतं. दोन्ही एकदमच होत होतं, आणि त्यांनी पदराने डोळे पुसले ते दोन्हींसाठी. शेजारी जेफ्री येऊन बसला. त्याने आपला हात त्यांच्या कोटाच्या बाहीवर ठेवला. थोड्या वेळाने त्याने कल्याणीला विचारलं, "आता हे कुणाला कळवायचं? कुणी उरलंय का?"

वडशेतला आज कोण असेल, कोण नसेल, शोधता येईल, कल्याणी म्हणाली. रेकॉर्ड्स असतात. आई शोधेल.

पण द्रौपदीबाई उठल्या होत्या. त्यांनी चौकट पुन्हा हातांत घेतली आणि काचेखालच्या त्या उभ्या रेघेकडे बघत बोलायला लागल्या. हे शब्द कुठल्याच कागदातले नव्हते.

"भागनाकबाबा, तुमचा रामनाक मयत आहे. पाटाच्या कडेला पडला, पाणी भरताना. एकटा नव्हता. साहेबाने त्याचे डोळे मिटले, अंगावर स्वतःचा कोट घातला. आता वाट बघू नका."

त्या थांबल्या. चर्चमध्ये कल्याणी सोडून कुणालाही मराठीचं एक अक्षर येत नव्हतं आणि तरी सगळे ऐकत होते.

"आणि सुनेला सांगा, कुंकू पुसायचं नाही. मी नाही पुसलं."